शंका-समाधान : लांबच्या संगणकाचा डेस्कटॉप आपल्या पडद्यावर

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. लिनक्स किंवा बीएसडी (विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणाली) असलेले यंत्र एका गावात, ते वापरणारा माणूस दुसऱ्या गावात, आणि मधे अडलेला पडदा. म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्याच पत्रांना दिला आहे. कमांड आणि फाइलींची नावे नेहमीप्रमाणे उच्चारानुसार देवनागरीत छापली आहेत. टंकताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत. कॅपिटल अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : १ जीबी रॅमचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी संगणक) भाड्याने घेतला आहे, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स आहे. टायगरव्हीएनसी (लांबून पडदा दाखवणारा व्हीएनसी सर्व्हर) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकले. एका लेखातली फाइल वापरली तर नुसता करडा पडदा आणि फुलीच्या आकाराचा कर्सर दिसतो. दुसऱ्या लेखातली वापरली तर ‘क्लीनली एक्झिटेड टू अर्ली’ असा संदेश येऊन सर्व्हर तिथेच बंद पडतो. (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : दोन्ही दोषांचे मूळ एकाच फाइलीत आहे : होम फोल्डरमधल्या ‘.व्हीएनसी’ या फोल्डरातली ‘एक्सस्टार्टअप’. व्हीएनसी सर्व्हर स्वतः फक्त कोरा पडदा तयार करतो. त्यावर पॅनेल, खिडक्या, मेनू आणायचे काम या फाइलीने सुरू केलेल्या डेस्कटॉपचे असते. पहिल्या लेखातल्या फाइलीत पडदा करडा रंगवण्याची ओळ आणि ‘व्हीएनसीकॉन्फिग’ची ओळ असणार, पण डेस्कटॉप सुरू करणारी ओळ एकतर नाही किंवा ती अपयशी ठरते आहे. दुसऱ्या लेखातल्या फाइलीची शेवटची ओळ ‘स्टार्टएक्सएफसीई४ &’ अशी असणार. त्या ‘&’ मुळे डेस्कटॉप मागे ढकलला जातो आणि फाइल तिथेच संपते. टाइटव्हीएनसी या जुन्या व्हीएनसी सर्व्हरला त्याचे काही वाटत नसे, म्हणून तसे लेख अजून फिरत आहेत. टायगरव्हीएनसी मात्र फाइल संपली की सत्र संपले असे धरतो आणि सर्व्हर बंद करतो.

आधी पॅकेजे पाहा. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सएफसीई४ डीबस-एक्स११ टायगरव्हीएनसी-स्टँडअलोन-सर्व्हर’. यातले ‘डीबस-एक्स११’ लोक हमखास विसरतात (डीबस म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांना निरोप देण्याची वाट). ते नसेल तर ‘डीबस-लाँच’ सापडत नाही आणि एक्सएफसीई अर्ध्यात अडकते. मग ‘एक्सस्टार्टअप’मध्ये फक्त चार ओळी ठेवा :

#!/बिन/एसएच
अनसेट सेशन_मॅनेजर
अनसेट डीबस_सेशन_बस_ॲड्रेस
एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४

मधल्या दोन ओळींतली नावे पूर्ण कॅपिटलमध्ये, पण ‘अनसेट’ लहान अक्षरांत. तुम्ही एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) आत गेलात की त्या लॉगिनचा डीबसचा पत्ता तुमच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड टंकता तिथे, असतो. तो पुसला नाही तर नवा डेस्कटॉप स्वतःचा बस सुरू न करता जुन्यालाच लटकायला जातो. ‘एक्झेक’मुळे फाइलीची जागाच डेस्कटॉप घेतो, म्हणजे तुम्ही लॉगआउट कराल तेव्हाच सत्र संपते. फाइलीला ‘सीएचमॉड +एक्स’ देऊन चालण्याजोगी करा, ‘व्हीएनसीपासडब्ल्यूडी’ने पासवर्ड ठेवा आणि सुरू करा : ‘व्हीएनसीसर्व्हर :१ -लोकलहोस्ट येस -डेप्थ २४’. पडद्याचा आकार हवा असेल तर ‘-जिऑमेट्री’ लिहून पुढे १३६६ आणि ७६८ हे आकडे द्या, मधे जागा न सोडता इंग्रजी लहान एक्स. बंद करायला ‘व्हीएनसीसर्व्हर -किल :१’. हे सगळे साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून करायचे, रूट या सर्वाधिकारी खात्यातून कधीच नाही.

आता रॅमचे. १ जीबीत एक्सएफसीई चालते, फायरफॉक्स उघडला की जागा संपते. कर्नल (प्रणालीचा गाभा) मग सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो, आणि कधी ती व्हीएनसी सर्व्हरचीच निघते. तसे झाले की पुढच्या वेळी ‘:१ वर सर्व्हर आधीच चालू आहे’ असे उत्तर येते, कारण मेलेल्या सर्व्हरच्या खुणा मागे राहतात. ‘/टीएमपी/.एक्स१-लॉक’ आणि ‘/टीएमपी/.एक्स११-युनिक्स/एक्स१’ या दोन फाइली काढा, दोन्हींत ‘एक्स’ कॅपिटल. पण आधी ‘पीएस’ने सर्व्हर खरोखर मेला आहे ना ते पाहा. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवलीत तर ही वेळ क्वचित येईल. एवढ्याशा यंत्रावर नोम या जड डेस्कटॉपच्या वाटेला जाऊ नका. ग्राफिक कार्ड नसल्यामुळे त्याचे सगळे चित्रकाम प्रोसेसरवर पडते.

अजूनही अडले तर ‘.व्हीएनसी’ फोल्डरातली लॉग फाइल उघडा आणि शेवटच्या वीस ओळी वाचा. सापडला नाही तो प्रोग्रॅम तिथे नावानिशी लिहिलेला असतो.

प्रश्न : दुकानातल्या लिनक्स संगणकावर टाइटव्हीएनसी आहे. घरून काम करता यावे म्हणून राउटरमधून ५९०१ पोर्ट (बाहेरून आत यायचे क्रमांकाचे दार) उघडला. आता पासवर्ड बरोबर टाकूनही ‘खूप वेळा चुकले’ असे सांगून जोडणी नाकारली जाते. लॉगमध्ये अनोळखी पत्ते दिसतात. पासवर्ड चांगला बारा अक्षरांचा आहे. (व्यापारी, इचलकरंजी)

उत्तर : हे पत्र वाचून होताच पहिले काम करा : राउटरमधला तो पोर्ट बंद करा. बाकीचे नंतर वाचा.

ते अनोळखी पत्ते म्हणजे इंटरनेटवरचा प्रत्येक उघडा पोर्ट ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम. टाइटव्हीएनसीचा युनिक्स सर्व्हर चुकलेले प्रयत्न सगळ्यांचे मिळून मोजतो, पाच झाले की दार लावून घेतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ वाढवतो. त्यामुळे त्यांच्या चुकांची शिक्षा तुम्हाला होते. टायगरव्हीएनसी पत्त्यागणिक वेगळे मोजतो, पण तो बसवला म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नका. व्हीएनसीच्या जुन्या पासवर्ड पद्धतीत पहिली आठच अक्षरे धरली जातात. तुमच्या बारांपैकी शेवटची चार कोणी पाहतच नाही. शिवाय पासवर्डनंतर पडद्यावर जे दिसते आणि तुम्ही जे टंकता, ते या पद्धतीत उघड्यावरून जाते. दुकानाचा हिशेब, बँकेचे लॉगिन, सगळे.

व्हीएनसी वापरा, पण एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे त्याच्या कुलूपबंद जोडणीच्या आतून. सर्व्हर सुरू करताना ‘-लोकलहोस्ट’ हा पर्याय द्या, म्हणजे तो फक्त त्याच यंत्राचे ऐकेल. (टाइटव्हीएनसीत नुसता ‘-लोकलहोस्ट’, टायगरव्हीएनसीत पुढे ‘येस’.) घरच्या संगणकावर कमांड द्या : ‘एसएसएच -एल ५९०१:१२७.०.०.१:५९०१ नाव@दुकानाचा-पत्ता’. इथे ‘एल’ कॅपिटल. ती खिडकी उघडी ठेवून व्हीएनसी व्ह्यूअरमध्ये दुकानाचा पत्ता न देता ‘१२७.०.०.१:५९०१’ द्या. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच बहुधा आधीपासूनच असते. पुटी (विंडोजवरचा एसएसएचचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर कनेक्शन, एसएसएच, टनेल्स या पानावर सोर्स पोर्ट ५९०१ आणि डेस्टिनेशन ‘१२७.०.०.१:५९०१’ भरून ‘ॲड’ दाबा. ‘ॲड’ न दाबताच पुढे गेल्यामुळे अनेकांचा बोगदा तयारच होत नाही.

बोगद्याच्या खिडकीत ‘ओपन फेल्ड, कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे आले तर बोगदा ठीक आहे, पलीकडे व्हीएनसी चालू नाही. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आले तर घरच्याच संगणकावर ५९०१ अडकला आहे. तेव्हा कमांडमधला पहिला आकडा ५९९९ करा आणि व्ह्यूअरमध्येही तोच द्या.

राउटरमधून आता फक्त एसएसएचचा २२ पोर्ट उघडा राहील. म्हणून त्याला कुलूपही चांगले हवे. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने किल्ली बनवा, ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने दुकानाच्या यंत्रावर चढवा, किल्लीने लॉगिन होते याची खात्री करा. त्यानंतरच ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये पासवर्डऑथेंटिकेशन ‘नो’ आणि परमिटरूटलॉगिन ‘नो’ करा. ‘एसएसएचडी -टी’ चालवून फाइलीत चूक नाही ना पाहा, सेवा पुन्हा सुरू करा, आणि आधीची खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. व्हीपीएसवर हेच करणाऱ्यांसाठी एक सूचना : तिथे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल असू शकते आणि तिच्यात पासवर्डला ‘येस’ असते. एसएसएच पहिला आलेला शब्द खरा मानते, त्यामुळे मुख्य फाइलीतला बदल वाया जातो. प्रत्यक्षात काय लागू आहे ते ‘सुडो एसएसएचडी -टी’ सांगते, इथे ‘टी’ कॅपिटल.

पोर्टचा आकडा २२ वरून दुसरा केल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, इतकेच. त्याला सुरक्षा म्हणू नये.

प्रश्न : मॅकवरून ‘एसएसएच -एक्स’ने संस्थेच्या सर्व्हरवरचे आलेखाचे प्रोग्रॅम उघडते. सकाळी चालतात, थोड्या वेळाने नवी खिडकी उघडायला गेले की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’. घरून तर एकेक मेनू उघडायला काही सेकंद लागतात. (संशोधक, पुणे)

उत्तर : एक्स विंडो या लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या पद्धतीत नावे आपल्याला उलटी वाटतात. ज्या यंत्राला पडदा आणि कीबोर्ड आहे त्यावर एक्स सर्व्हर चालतो, म्हणजे तुमच्या मॅकवर (त्यासाठी एक्सक्वार्ट्झ लागते), आणि संस्थेतला प्रोग्रॅम हा त्याचा ग्राहक. विंडोजवाल्यांनी त्यासाठी व्हीसीएक्सएसआरव्ही टाकावे. संस्थेच्या बाजूला ‘एक्सऑथ’ हे पॅकेज आणि ‘एक्स११फॉरवर्डिंग येस’ ही ओळ असली की पुरे. तुमचे काम सकाळी चालते म्हणजे हे सगळे जागेवर आहे.

थोड्या वेळाने नकार येतो त्याचे कारण मुदत. ‘-एक्स’ने (कॅपिटल) मिळणारी परवानगी अविश्वासू ग्राहकाची असते आणि ‘फॉरवर्डएक्स११टाइमआउट’ या नियमाने ती, वेगळे सांगितले नसेल तर, २० मिनिटांनी संपते. उघडलेल्या खिडक्या राहतात, नवी उघडत नाही. संस्थेचा सर्व्हर विश्वासाचा असेल तर कॅपिटल ‘-वाय’ वापरा, त्याला ही मुदत नाही. डेबियन आणि उबुंटूवर ‘-एक्स’ सुद्धा ‘-वाय’सारखेच वागते, त्यामुळे लिनक्सवाल्या सहकाऱ्याला हा अनुभव येत नाही आणि दोष तुमच्या मॅकवर ढकलला जातो. विश्वास हा शब्द मात्र गांभीर्याने घ्या. ‘-वाय’ दिल्यावर त्या सर्व्हरचा रूट तुमच्या मॅकवरच्या इतर एक्स खिडक्यांत काय टंकले जाते तेही वाचू शकतो. आणि सर्व्हरवर ‘सुडो’ किंवा ‘एसयू’ने दुसऱ्या खात्यात गेल्यावर ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ आले तर कारण निराळे आहे : परवानगीची कुकी पहिल्या खात्याच्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलीत राहते. शक्यतो त्या खात्यात थेट एसएसएचने शिरा.

घरून संथ चालते ते वेगामुळे कमी आणि विलंबामुळे जास्त. एक्सची अकरावी आवृत्ती १९८७ची, एकाच इमारतीतल्या जाळ्यासाठी घडलेली. एक मेनू काढताना प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यात अनेक फेऱ्यांची सवाल-जवाब होते. इमारतीत एक फेरी मिलिसेकंदाच्या आत होते. भारतातून अमेरिकेतल्या यंत्रापर्यंत जाऊन यायला २०० ते ३०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे वीस फेऱ्यांना चार ते सहा सेकंद. जोडणी १०० एमबीपीएसची घेतली तरी ही वेळ कमी होत नाही. कॅपिटल ‘-सी’ देऊन दाबलेली माहिती पाठवल्याने थोडा फरक पडतो. खरा उपाय एक्सप्रा. त्यात एक्सची सवाल-जवाब सर्व्हरवरच उरकते, तुमच्याकडे फक्त तयार चित्र येते, आणि जोडणी तुटली तरी प्रोग्रॅम चालू राहतो. दोन्हीकडे एक्सप्रा टाकून ‘एक्सप्रा स्टार्ट एसएसएच://नाव@सर्व्हर/ --स्टार्ट=एक्सटर्म’ द्या. तुटल्यावर ‘स्टार्ट’च्या जागी ‘अटॅच’ लिहून पुन्हा जोडा, ‘--स्टार्ट’ गाळून. रात्रभर चालणारी गणिते असतील तर हे शिकून घ्याच.

प्रश्न : प्रयोगशाळेत उबुंटू २४.०४चा एक सर्व्हर आहे. मुले विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने (आरडीपी) त्यावर एक्सआरडीपी या लिनक्सच्या आरडीपी सर्व्हरातून येतात. काहींना लॉगिननंतर काळा पडदा दिसून खिडकी बंद होते. दुपारपर्यंत मेमरी भरते. (प्रयोगशाळा साहाय्यक, अहिल्यानगर)

उत्तर : काळ्या पडद्याची कारणे संभवाच्या क्रमाने पाहू.

तोच वापरकर्ता सर्व्हरसमोर बसून किंवा दुसरीकडून आधीच लॉगिन आहे का? नोमला एका वापरकर्त्याची दोन ग्राफिक सत्रे एका वेळी चालत नाहीत. ‘लॉगिनसीटीएल’ने यादी पाहा. सगळ्या मुलांना एकच ‘स्टुडंट’ खाते दिले असेल तर आधी ते बदला, प्रत्येकाला वेगळे खाते हवे.

दुसरे, डेस्कटॉप हलका करा. ‘एक्सएफसीई४’ टाका आणि प्रत्येकाच्या होममध्ये ‘.एक्ससेशन’ नावाची एका ओळीची फाइल ठेवा : ‘स्टार्टएक्सएफसीई४’. नव्या खात्यांना ती आपोआप मिळावी म्हणून ‘/ईटीसी/स्केल’मध्येही एक प्रत ठेवा. त्याने भागले नाही तर ‘/ईटीसी/एक्सआरडीपी/स्टार्टडब्ल्यूएम.एसएच’मध्ये शेवटच्या ओळींच्या आधी डीबस_सेशन_बस_ॲड्रेस आणि एक्सडीजी_रनटाइम_डिर या दोन चलांना ‘अनसेट’ करा (चलांची नावे पूर्ण कॅपिटल). कारण सांगलीच्या पत्रातलेच.

तिसरे, सेटिंगमध्ये उबुंटूचे स्वतःचे ‘रिमोट डेस्कटॉप’ कोणी चालू केले आहे का पाहा. तेही आरडीपीच आहे आणि एक्सआरडीपीप्रमाणेच ३३८९ पोर्टवर हक्क सांगते. दोघांपैकी एकच ठेवा. चौथे, लॉगमध्ये खासगी किल्ली वाचता येत नाही अशी तक्रार असेल तर ‘सुडो ॲडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट’ देऊन सेवा पुन्हा सुरू करा. लॉग दोन आहेत, ‘/व्हार/लॉग/एक्सआरडीपी.लॉग’ आणि त्याच फोल्डरातला ‘एक्सआरडीपी-सेसमन.लॉग’. पासवर्ड मान्य झाला पण डेस्कटॉप आला नाही, तर दुसरा वाचा, आणि त्या मुलाच्या होममधली ‘.एक्ससेशन-एरर्स’.

मेमरी भरते कारण मुले उजव्या कोपऱ्यातल्या फुलीने खिडकी बंद करतात. त्याने जोडणी तुटते, पण सत्र आत तसेच चालू राहते. सकाळच्या तुकडीची उघडी सत्रे दुपारच्या तुकडीच्या वाटची मेमरी धरून बसतात. ‘/ईटीसी/एक्सआरडीपी/सेसमन.आयएनआय’मध्ये ‘किलडिसकनेक्टेड’ ‘ट्रू’ करा आणि ‘डिसकनेक्टेडटाइमलिमिट’ला सेकंद द्या. ९०० दिलेत तर पंधरा मिनिटे मिळतात. वीज किंवा नेट जाऊन परत येण्याइतका वेळ मुलांना मिळायला हवा, म्हणून ६० वर आणू नका. नियम बसवायच्या आधी मुलांना सांगा, नाहीतर कोणाचे तरी न साठवलेले काम जाईल. त्याच फाइलीतला ‘मॅक्ससेशन्स’ मुळात ५० असतो. तो तुमच्या रॅमला परवडेल इतका खाली आणा.

प्रश्न : घरच्या संगणकावरून मराठी मजकूर कॉपी करून व्हीएनसीमधल्या लिब्रेऑफिसमध्ये डकवला की सगळी प्रश्नचिन्हे उमटतात. आत थेट मराठी टंकायला गेलो तर अक्षरे गळतात. (मुद्रितशोधक, पणजी)

उत्तर : प्रश्नचिन्हांचा दोष फॉन्टचा नाही. व्हीएनसीच्या मूळ नियमांत कॉपी-पेस्टचा मजकूर फक्त लॅटिन-१ या युरोपीय अक्षरसंचातला असतो. देवनागरीला त्यात जागाच नाही. पुढे युनिकोडसाठी विस्तार आला, टायगरव्हीएनसीत तो १.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. अट अशी की दोन्ही टोकांना तो माहीत हवा. सर्व्हर नवा आणि व्ह्यूअर जुना असला तरी दोघे जुन्याच नियमावर उतरतात. दोन्हीकडे टायगरव्हीएनसी १.१० किंवा नंतरचा ठेवा. चौकोन दिसले तर मात्र फॉन्टच नाही, तेव्हा सर्व्हरवर ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ किंवा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ टाका.

टंकनाचा नियम : घरच्या बाजूला कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, मराठी सर्व्हरच्या बाजूला करा. व्ह्यूअर पलीकडे कळा पाठवतो, तयार शब्द नाही. घरच्या संगणकावर फोनेटिक पद्धत चालू असली तर ‘के’ आणि ‘ए’ या कळांचा ‘क’ तुमच्याकडेच जुळतो, आणि तो जुळलेला मजकूर पलीकडे धड पोहोचत नाही. सर्व्हरवर ‘आयबस’ (इतर भाषा टंकण्याची सोय) आणि ‘आयबस-एम१७एन’ टाका. मग ‘एक्सस्टार्टअप’मध्ये ‘एक्झेक’च्या आधी तीन ‘एक्सपोर्ट’ ओळी : जीटीके_आयएम_मॉड्यूल=आयबस, क्यूटी_आयएम_मॉड्यूल=आयबस, एक्समॉडिफायर्स=@आयएम=आयबस. डावीकडची नावे कॅपिटल, उजवीकडची लहान. त्याखाली ‘आयबस-डीमन -डीआरएक्स’. सत्र पुन्हा सुरू करून ‘आयबस-सेटअप’मधून मराठी निवडा. इनस्क्रिप्टचे बोट बसलेल्यांनी ‘इनस्क्रिप्ट२’ घ्यावे, बाकीच्यांनी फोनेटिक. भाषा बदलायची कळ घरच्या आणि सर्व्हरच्या आयबसमध्ये वेगवेगळी ठेवा, नाहीतर घरचा आयबसच ती गिळतो.

प्रश्न : मी दोह्यात, आईवडील चिपळूणला. त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. काही अडले की त्यांच्याच पडद्यावर हात फिरवून दाखवता यायला हवे. एक्स११व्हीएनसी (समोर चालू असलेलाच पडदा दाखवणारा व्हीएनसी सर्व्हर) लावून पाहिला, पडदा काळा. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. (वाचक, दोहा)

उत्तर : हे दोन वेगळे अडथळे आहेत.

पडद्याचा आधी. आईवडिलांच्या टर्मिनलमध्ये एक्सडीजी_सेशन_टाइप या चलाची किंमत छापून बघा (‘एको’ आणि त्यापुढे डॉलर चिन्ह लावून, चलाचे नाव पूर्ण कॅपिटल). ‘वेलँड’ (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) आले तर एक्स११व्हीएनसीचा इलाज नाही. वेलँड एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा पडदा वाचू देत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सेटिंग, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, तिथे ‘डेस्कटॉप शेअरिंग’ आणि ‘रिमोट कंट्रोल’ चालू करा आणि वेगळे नाव-पासवर्ड ठेवा. शेजारचे ‘रिमोट लॉगिन’ घेऊ नका, त्याने वेगळे सत्र उघडते, आईवडिलांसमोरचा पडदा दिसत नाही. यातही दोन खाचखळगे आहेत. लॅपटॉपवर आपोआप लॉगिन ठेवले असेल तर किल्ल्यांचा साठा कुलूपबंदच राहतो आणि शेअरिंगला स्वतःचा पासवर्ड वाचता येत नाही, म्हणून वडिलांना पासवर्ड टाकूनच लॉगिन करू द्या. आणि पडदा लॉक असताना हे शेअरिंग चालत नाही, म्हणून आपोआप लॉक होण्याची वेळ वाढवा. हे नकोच असेल तर लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली चक्राच्या चिन्हातून ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडावे, मग एक्स११व्हीएनसी चालेल.

आता रस्ता. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन (बाहेरच्या जाळ्याकडचा) पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्याच्या मोठ्या सामाईक राउटरमागे आहात. त्या राउटरवर तुमची सत्ता नाही, मग घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा. अशा वेळी जोडणी आतून बाहेर काढायची. सार्वजनिक पत्ता असलेला सर्वांत स्वस्त व्हीपीएस घ्या आणि चिपळूणच्या लॅपटॉपवरून त्यावर उलटा बोगदा टाका : ‘एसएसएच -एन -आर २२२२:१२७.०.०.१:२२ बोगदा@व्हीपीएस’, ‘एन’ आणि ‘आर’ कॅपिटल. ‘बोगदा’ हे फक्त या कामासाठीचे खाते, नाव अर्थात इंग्रजीत. ही कमांड सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी यंत्रणा) सेवा म्हणून बसवा, ‘रिस्टार्ट=ऑल्वेज’ आणि ‘रिस्टार्टसेक=१०’ ठेवून (‘रिस्टार्ट’चा ‘आर’ आणि ‘सेक’चा ‘एस’ कॅपिटल). सोबत ‘-ओ’ने दोन पर्याय द्या : सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० आणि एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस. पहिला नसेल तर नेट गेले तरी एसएसएच मेलेली जोडणी जिवंत समजून बसून राहते. दुसरा नसेल तर बोगदा न पडताही सेवा हिरवी दिसते. सेवा ज्या खात्यातून चालणार त्या खात्यातून कमांड एकदा हाताने चालवा, म्हणजे व्हीपीएसची ओळख नोंदली जाईल.

चिपळूणला वीज जाऊन आली की बरेचदा असे होते : लॅपटॉप पुन्हा जोडायला जातो आणि २२२२ मिळत नाही, कारण व्हीपीएसवर आधीचे सत्र तो पोर्ट अजून धरून आहे. व्हीपीएसच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० आणि क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३ लिहा. दीडेक मिनिटात जुने सत्र साफ होते आणि सेवा आपोआप जोडली जाते. हे एवढे केले नाही तर दर वेळी तुम्हाला व्हीपीएसवर जाऊन प्रक्रिया मारावी लागेल.

दोह्याहून : ‘एसएसएच -जे नाव@व्हीपीएस -पी २२२२ -एल ३३९०:१२७.०.०.१:३३८९ वडिलांचे-खाते@१२७.०.०.१’. ‘जे’ आणि ‘एल’ कॅपिटल, ‘पी’ लहान. नंतर आरडीपीच्या प्रोग्रॅममध्ये ‘१२७.०.०.१:३३९०’. व्हीपीएसवर गेटवेपोर्ट्सला हात लावू नका. ते ‘नो’ असेपर्यंत २२२२ फक्त व्हीपीएसच्या आतूनच दिसतो, जगाला नाही.

प्रश्न : जुन्या इंटेलच्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४ टाकले. ‘स्टार्टएक्स’ दिले की ‘नो स्क्रीन्स फाउंड’. (वाचक, नागपूर)

उत्तर : फ्रीबीएसडीत ग्राफिकचे ड्रायव्हर मूळ प्रणालीत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात. ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग एक्सएफसीई डीआरएम-केमॉड’. मग ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस’, एएमडी असेल तर तिथे ‘एएमडीजीपीयू’. जुन्या लेखांत हे मॉड्यूल ‘/बूट/लोडर.कॉन्फ’मध्ये घालायला सांगतात, तसे करू नका. स्वतःला व्हिडिओ गटात घाला : ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम नाव’. ही पायरी सुटली की रूटला पडदा मिळतो आणि तुम्हाला नाही. ‘सिसआरसी डीबस_एनेबल=येस’ करा, होममधल्या ‘.एक्सइनिटआरसी’त ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४’ लिहा, यंत्र पुन्हा सुरू करा.

तरीही तेच आले तर ‘केएलडीलोड आय९१५केएमएस’ हाताने देऊन ‘डीएमईएसजी’ (कर्नलचे संदेश) वाचा. ‘व्हर्जन मिसमॅच’ दिसले तर तयार पॅकेज तुमच्या उपआवृत्तीपेक्षा आधीच्या कर्नलसाठी बांधलेले आहे. नवी उपआवृत्ती आली की काही काळ असे होते. ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये तुमच्याच आवृत्तीचा स्रोत ठेवून पोर्ट्समधून ‘डीआरएम-केमॉड’ स्वतः बांधा. मॉड्यूल चढताच पडदा पूर्ण काळा होऊन यंत्र वापरताच येत नसेल तर सुरुवातीच्या मेनूत २ दाबून सिंगल यूजरमध्ये जा, ‘माउंट -यू /’ द्या आणि ‘सिसआरसी -एक्स केएलडी_लिस्ट’ने ती ओळ काढून टाका.

प्रश्न : सर्व्हर म्हणून वापरतो तो जुना लॅपटॉप झाकण लावले की जोडणी तोडतो. (वाचक, नाशिक)

उत्तर : ‘/ईटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ’मध्ये ‘हँडललिडस्विच=इग्नोर’ लिहा, यात कॅपिटल अक्षरे तीनच : एच, एल, एस. ओळीच्या सुरुवातीचे ‘#’ काढायला विसरू नका. यंत्र पुन्हा सुरू करा. झाकण न लावताही यंत्र झोपत असेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट’. वायफाय वीज वाचवण्यासाठी झोपत असेल तर त्याच्या नादी न लागता राउटरपासून केबल आणा. आणि लॅपटॉप सतत चार्जरवर राहणार असल्याने बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करा, फुगलेली बॅटरी तशीच वापरू नका.